संत्रा बर्फीचं पोस्टर, पाच ठिकाणं: एक्स्पोर्ट कसं ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातच नव्यानं फ्रीलान्स काम करणाऱ्या एका मुलीनं मिठाईच्या दुकानासाठी संत्रा बर्फीचं पोस्टर केलं. लॅपटॉपवर ते स्वच्छ दिसतं. दुकानाच्या मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलं तेव्हा मराठी अक्षरांच्या कडा मळल्या. पुढे तीच व्हॉट्सअ‍ॅपवरची प्रत फ्लेक्सवाल्याकडे गेली, तिथे चित्र फाटलं आणि केशरी रंग विटकरी आला. आता इन्स्टाग्राम, वेबसाइट आणि बर्फीच्या डब्यावरचं स्टिकरही करायचं आहे. तिचं म्हणणं, "सर, सगळीकडे चालेल असं एकच सेटिंग सांगा. जेपीजी की पीएनजी? साइज किती ठेवू?"

असं एक सेटिंग नाही, आणि ते शोधण्यात वेळ घालवू नकोस. मी २२ वर्षं हे काम करतोय. इतवारीतल्या एका छपाईच्या दुकानात उमेदवारीनं सुरुवात केली, नंतर वेब आणि सोशल मीडियाकडे आलो. एक्स्पोर्टचं बटण दाबण्याआधी मी आजही दोनच गोष्टी विचारतो. ही प्रत शेवटी किती मोठी आणि किती अंतरावरून पाहिली जाणार? आणि तिथे पोचेपर्यंत वाटेत तिला पुन्हा कोण दाबणार, म्हणजे तपशील टाकून देऊन फाइल हलकी करणार? तुझी पाच ठिकाणं आहेत, म्हणून पाच प्रती निघतील, आणि प्रत्येक प्रत मूळ लेयरच्या फाइलमधूनच निघेल, म्हणजे जिच्यात अक्षरं, फोटो वेगवेगळ्या थरांत सुटे असतात तिच्यातून. एका प्रतीपासून दुसरी प्रत काढायची नाही. तुझ्या फ्लेक्सचं जे झालं ते यामुळेच झालं.

आधी अक्षरं का मळतात ते बघू. ते कळलं की जेपीजी की पीएनजी हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

जेपीजी १९९२ सालचं मानक आहे आणि ते फोटोसाठीच बनवलं गेलं. ते चित्राचा उजेड आणि रंग वेगवेगळे करतं. माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही, म्हणून बहुतेक वेळा २ × २ अशा चार पिक्सेलना मिळून रंगाची एकच नोंद ठेवली जाते. मग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील क्वालिटीच्या आकड्याप्रमाणे कमी केला जातो. मारबतीच्या मिरवणुकीचा फोटो घे. गर्दी, धूर, गुलाल, हजार छटा. त्यातला थोडा तपशील गेला तर कुणालाही कळत नाही. आता देवनागरी ओळ घे. शिरोरेषा म्हणजे लांबच लांब आडवी, धारदार कड. ती ज्या चौकोनातून जाते तिथे तपशील कापला की रेषेच्या वर-खाली डासांसारखे ठिपके उठतात. अनुस्वार, रफार, उकार हे तर मुळातच दोन-चार पिक्सेलचे असतात. रोमन अक्षरं या मारातून बरीचशी वाचतात, आपली लिपी आधी बळी पडते. म्हणून कुठलीही प्रत तपासताना मी फोटोकडे पाहत नाही, आधी शिरोरेषा आणि सगळ्यात लहान ओळीतला अनुस्वार बघतो.

रंगाची नोंद चारांत एक, याचा आणखी एक परिणाम तुझ्या पोस्टरवर नक्की झाला असणार. संत्र्याच्या हिरव्या पानावर लाल अक्षरांत भाव लिहिला आहेस का? गडद हिरवा आणि शुद्ध लाल यांचा उजेड जवळजवळ सारखा असतो, फरक असतो तो फक्त रंगाचा. म्हणजे जी माहिती जेपीजी सगळ्यात आधी टाकून देतं, तिच्यावरच तुझी अक्षरं उभी आहेत. याची सोपी परीक्षा म्हणजे पोस्टर क्षणभर ग्रेस्केल करून बघायचं. जो मजकूर राखाडीत विरघळतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर मळणारच. हिरव्यावर पांढरी किंवा फिकट पिवळी अक्षरं ठेव, केशरीवर गडद तपकिरी ठेव. हा फॉरमॅटचा प्रश्न वाटतो, पण त्याचं उत्तर डिझाइनमध्ये आहे.

फोटोशॉपच्या जुन्या सेव्ह फॉर वेबमध्ये क्वालिटी ५० किंवा त्याखाली असेल तर रंगाची ही काटछाट होते आणि ५१ पासून वर होत नाही. हे फारसं कुणी सांगत नाही. मजकूर असलेल्या पोस्टरला तिथे मी ७५ ते ८५ देतो. १०० देऊन फक्त फाइलचं वजन वाढतं, डोळ्याला काही मिळत नाही. आणि हे आकडे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेऊ नकोस. एकाचं ८० म्हणजे दुसऱ्याचं ८० नसतं.

पीएनजी १९९६ मध्ये जीआयएफ या जुन्या फॉरमॅटच्या पेटंटच्या भांडणातून जन्माला आलं. ते काहीच टाकून देत नाही आणि पारदर्शक पार्श्वभूमी सांभाळतं. लोगो, सपाट रंग, स्क्रीनशॉट, फक्त मजकुराची सूचना, यांसाठी तेच. बर्फीचा मोठा फोटो मात्र पीएनजीत ठेवलास तर तीच गोष्ट जेपीजीच्या कितीतरी पट वजनाची होते. आणि पीएनजीत सीएमवायके, म्हणजे छपाईच्या निळ्या, मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळ्या आणि काळ्या शायांचं माप, नसतं, म्हणून छपाईचा दुकानदार "पीएनजी पाठवा" म्हणाला तर त्याला काय हवंय ते नीट विचार. बहुतेक वेळा त्याला पार्श्वभूमी कापलेला लोगो हवा असतो.

आता एकेक ठिकाण.

व्हॉट्सअ‍ॅप. तिथे फोटो म्हणून जे काही पाठवशील ते पुन्हा दाबलं जातं आणि जेपीजी होतं. पीएनजी पाठवलं तरी पारदर्शकता जाते. मोठं चित्र असेल तर लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास आणली जाते. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, तो वापरायला मालकांना आवर्जून सांग. तू स्वतः इथे १०८० × १३५० ची प्रत दे, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपला आकार बदलायची गरज पडणार नाही आणि एकदाच दाबलं जाईल. पण खरा बिघाड पुढे होतो. एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या, मग कुणी स्क्रीनशॉट काढतं, मग तो स्क्रीनशॉट फिरतो. ते तुझ्या हातात नाही. तुझ्या हातात अक्षराचा आकार आहे. १०८० पिक्सेल रुंदीचं चित्र फोनवर साधारण ६.८ सेंटीमीटर रुंद दिसतं, म्हणजे ४० पिक्सेलचं अक्षर जेमतेम अडीच मिलिमीटरचं. मराठीत त्या अडीच मिलिमीटरमध्येच वरची मात्रा आणि खालचा उकार बसवायचा असतो. १०८० च्या रुंदीवर ४० पिक्सेलखाली मी मराठी मजकूर जाऊ देत नाही. पत्ता, फोन नंबर मावत नसेल तर मजकूर कमी करायचा, अक्षर नाही.

काम म्हणून फाइल द्यायची असेल, फ्लेक्सवाल्याला, मालकांना, कुणालाही, तर व्हॉट्सअ‍ॅपवर ती डॉक्युमेंट म्हणून जोड. तशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोचते. मालकांकडून येणारे बर्फीचे फोटोही तसेच मागव. आयफोनवरून डॉक्युमेंट म्हणून आलेला फोटो एचईआयसी या आयफोनच्या फॉरमॅटमध्ये असू शकतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो उघडला नाही तर गोंधळू नकोस, बदलून घे. डॉक्युमेंटमध्ये आणखी एक गोष्ट जशीच्या तशी येते, ती म्हणजे फोटो कुठे काढला त्या जागेची नोंद. घरातून धंदा करणाऱ्या बायका माझ्याकडे काम देतात, त्यांचे फोटो वेबसाइटवर टाकताना ही नोंद मी न चुकता काढतो.

इन्स्टाग्राम. १०८० × १३५० ही उभी पोस्ट, १०८० × १९२० ही स्टोरी आणि रील. इन्स्टाग्रामही स्वतः पुन्हा दाबतं, म्हणून त्याला आधीच दाबलेलं देऊ नकोस. चांगल्या क्वालिटीचं जेपीजी किंवा मजकूरच जास्त असेल तर पीएनजी दे, म्हणजे नुकसान एकदाच होईल. रुंदी नेमकी १०८० ठेव. ४००० ची इमेज टाकली तर लहान करण्याचं काम त्यांचं यंत्र करतं. तेच काम तू केलंस तर लहान केल्यावर हलकं शार्पन करता येतं, कड परत येते. २०२५ च्या सुरुवातीपासून प्रोफाइलवरच्या जाळीत चौकोनाऐवजी ३:४ चा उभा तुकडा दिसतो, त्यामुळे ४:५ च्या पोस्टच्या डाव्या-उजव्या कडा तिथे थोड्या कापल्या जातात. दुकानाचं नाव कडेला चिकटवू नकोस.

या दोन्ही ठिकाणी ७२ डीपीआय की ३०० डीपीआय यानं काहीही फरक पडत नाही. हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. स्क्रीनला फक्त पिक्सेल कळतात. १०८० × १३५० ची फाइल ७२ म्हणून सेव्ह कर की ३०० म्हणून, स्क्रीनवर ती तीच असते. तो आकडा म्हणजे कागदावर एका इंचात किती पिक्सेल बसवायचे याची चिठ्ठी आहे, इतकंच.

वेबसाइट. इथे वाटेत सहसा कुणी दाबत नाही, म्हणून वजनाची जबाबदारी पूर्ण तुझी. आधी विचार की ही इमेज पानावर किती रुंद दिसणार, आणि त्याच्या दुप्पट पिक्सेल दे. बर्फीच्या डब्याचा फोटो ४०० रुंदीच्या चौकटीत असेल तर ८०० पुरे. हल्लीच्या फोनचे स्क्रीन तिप्पट घनतेचेही असतात, पण फोटोत दुप्पट आणि तिपटीतला फरक हातभर अंतरावरून कळत नाही आणि वजन मात्र वाढतं. कॅमेऱ्यातून आलेला ६००० पिक्सेलचा फोटो तसाच चढवलेली दुकानांची संकेतस्थळं मी रोज बघतो. त्या दुकानांचं गिऱ्हाईक बर्डीच्या गर्दीत, अडखळत्या नेटवर ते पान उघडतं, आणि फोटो उतरायच्या आत बंद करतं. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी ही गूगलची अपेक्षा आहे, आणि दुकानाच्या पानावर ती मोठी गोष्ट बहुतेक वेळा तू दिलेली इमेजच असते. मुख्य चित्र २०० केबीच्या आत आणि पदार्थांचे फोटो १०० केबीच्या आत, ही माझी स्वतःची शिस्त आहे.

फॉरमॅट वेबपी. गूगलनं तो २०१० मध्ये आणला, २०२० मध्ये सफारीनंही स्वीकारला, त्यामुळे आता ब्राउझरची काळजी उरली नाही. त्याच दर्जाच्या जेपीजीपेक्षा फाइल बरीच हलकी होते. एक गोम मात्र लक्षात ठेव. वेबपीच्या तपशील टाकून देणाऱ्या प्रकारात रंगाची ती चारांत एक नोंद कायम असते. क्वालिटी कितीही वाढव, ती टळत नाही. म्हणून फोटो वेबपीत, आणि रंगीत अक्षरांचा बॅनर वेबपीच्या काहीच टाकून न देणाऱ्या प्रकारात किंवा पीएनजीत. त्याहून बरं म्हणजे वेबसाइटवर मजकूर इमेजमध्ये टाकूच नकोस. फोटो वेगळा आणि त्यावर खरी, युनिकोड अक्षरं. ती कधीच मळत नाहीत, शोधात सापडतात आणि डोळ्यांनी अधू माणसाला त्याचा फोन ती वाचून दाखवतो. एव्हीआयएफ हा त्याहून नवा फॉरमॅट याहून हलका होतो आणि रंग पूर्ण ठेवू शकतं. वेबसाइट बनवणारा दोन्ही प्रती लावून द्यायला तयार असेल तर जरूर दे. लोगो एसव्हीजीमध्ये, कारण तो रेषांच्या गणितावर चालतो, कितीही मोठा केला तरी फाटत नाही. पण एसव्हीजी करण्याआधी लोगोतली अक्षरं आउटलाइन कर, म्हणजे फॉन्टची अक्षरं साध्या रेषांच्या आकारात बदल. यालाच कर्व्ह करणंही म्हणतात.

आउटलाइनवर जरा थांबतो, कारण मराठीत यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं. उमेदवारीच्या दिवसांत एका उद्घाटनाचा बोर्ड मी अक्षरं तशीच ठेवून दुसऱ्या दुकानात छापायला पाठवला. त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट नव्हता आणि सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. "हार्दिक"मधला रफार सुटून पाय मोडका र उभा राहिला आणि पहिली वेलांटी द च्या पुढे गेली. रात्री अकराला बोर्ड आला, सकाळी नऊला कार्यक्रम होता. ज्या कुटुंबाचा तो दिवस होता त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून छपाईची एकही फाइल मी आउटलाइन न करता हातावेगळी करत नाही. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू. आधी मूळ फाइल वेगळी जपून ठेव, कारण कर्व्ह केलेली अक्षरं पुन्हा टाइप करून सुधारता येत नाहीत. आणि कर्व्ह केल्यावर प्रत्येक ओळ मोठ्यानं वाच. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइप करत असशील तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू आहे ना ते बघ, नाही तर हीच मोडतोड तुझ्याच स्क्रीनवर होईल.

डब्यावरचं स्टिकर हे हातात धरून पाहायचं काम आहे. प्रत्यक्ष आकारात ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल), सीएमवायके, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेला रंग), आणि फाइल पीडीएफ. घटकांची बारीक यादी फक्त काळ्या शाईत ठेव, के १००. आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडाच्या मापातला, काळा तसाच बदलला की तो चार शायांचा होतो. छापताना एखादी शाई केसभर सरकली की बारीक अक्षरांना रंगीत सावली येते आणि अनुस्वार भरून जातात.

आणि फ्लेक्स. इथे दोन गोष्टी चुकल्या, आकार आणि रंग.

आकाराचं गणित सोपं आहे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक फरक दिसतो. त्यावरून सूत्र निघतं ते असं: ३४३८ ला इंचातल्या अंतरानं भाग, जो आकडा येईल तितके पिक्सेल दर इंचाला पुरेत. १२ इंचांवर धरलेल्या कागदाला २८६ येतात, म्हणजे छपाईतला तो प्रसिद्ध ३०० हवेतून आलेला नाही. १० फुटांवरून पाहायच्या फ्लेक्सला सुमारे २९, आणि वर्धा रोडवरच्या होर्डिंगला ३० फुटांवरून १० सुद्धा पुरतात. म्हणून १० × २० फुटांचा फ्लेक्स ३०० वर मागणाऱ्याचं ऐकू नकोस. तो ७२,००० पिक्सेल रुंद होईल. जेपीजीची स्वतःची मर्यादाच ६५,५३५ आहे आणि फोटोशॉपच्या साध्या पीएसडीची ३०,०००. लोक जवळ जाऊनही बघतात, म्हणून मी मोठ्या फ्लेक्सला ४० ते ७२ च्या मध्ये ठेवतो. दुकानाच्या दारातला ४ × ६ फुटांचा असेल तर १०० ते १५०. तुझ्या मालकांनी दिलेली व्हॉट्सअ‍ॅपची प्रत समज १०८० रुंद होती आणि फ्लेक्स १० फूट, तर दर इंचाला ९ पिक्सेल. तेही आधीच दाबलेले. दुकानासमोर उभं राहणाऱ्याला ते फाटलेलंच दिसणार.

चुकूनही लहान प्रत ताणून मोठी करू नकोस. अक्षरं आणि लोगो व्हेक्टर, म्हणजे रेषांच्या गणितावरचे, ठेव, फक्त बर्फीचा फोटो पिक्सेलचा असू दे. इलस्ट्रेटरच्या नेहमीच्या कॅनव्हासवर १९ फुटांच्या पुढे जाता येत नाही, तेव्हा २० फुटांचं काम एक दशांश मापात कर आणि फ्लेक्सवाल्याला तसं स्पष्ट लिहून दे. एक दशांश मापात फोटोचा पीपीआय दहापट दिसला पाहिजे, ७२ चा ७२०.

रंगाचं दुःख जास्त खोल आहे, आणि नागपुरात काम करणाऱ्या माणसाला ते चुकत नाही. आपल्या इथे संत्र्याचा रंग सगळ्यांना हवा असतो. स्क्रीनवरचा केशरी उजेडाचा बनलेला असतो. छपाईतला केशरी म्हणजे पांढऱ्या फ्लेक्सवर पडलेली मॅजेंटा आणि पिवळी शाई. स्क्रीनवरचा तो झळाळता केशरी शाईत उतरतच नाही. आरजीबी फाइल मशीनच्या भरवशावर सोडली की बदलताना त्यात थोडी निळी आणि काळी शाई शिरते, आणि संत्र्याची वीट होते. यावर उपाय म्हणजे मुख्य केशरी स्वतः हातानं ठरवायचा. निळी शून्य, काळी शून्य, पिवळी १००, आणि मॅजेंटा ५० ते ५५ च्या आसपास, तिथून पुढे त्या त्या मशीनप्रमाणे. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-वाय दाबलं की छापल्यावर काय दिसेल याचा अंदाज येतो. तो मालकांना आधीच दाखव, फ्लेक्स टांगल्यावर नाही. स्क्रीनच्या सगळ्या प्रती मात्र एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या नेहमीच्या रंगमापात, असू देत आणि त्या रंगांचं प्रोफाइल फाइलच्या आत जोडलेलं असू दे. सीएमवायके जेपीजी चुकून व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा वेबसाइटवर गेलं तर रंग विचित्र दिसू शकतात.

आता तुझ्या पोस्टरचं पुढे काय करायचं ते सांगतो. मूळ लेयरची फाइल उघड, हिरव्यावरचा लाल भाव बदल, आणि फ्लेक्ससाठी बर्फीचा फोटो पुन्हा काढून घे, शक्यतो कॅमेऱ्यानं. पाच फोल्डर कर. प्रत्येक फाइलच्या नावात ठिकाण, आकार आणि तारीख येऊ दे, म्हणजे मालकांच्या फोनमधून कुठली प्रत कुठे गेली ते पुढच्या वेळी नावावरूनच कळेल. पूर्ण फ्लेक्स छापण्याआधी फ्लेक्सवाल्याकडून एक फुटाची पट्टी मागून घे. तिच्यात तुझा केशरी, बर्फीच्या फोटोचा एक कोपरा आणि सगळ्यात लहान मराठी ओळ असली पाहिजे. तो पैसे मागेल, एका फुटाचे दे. ती पट्टी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघू नकोस. जिथे फ्लेक्स लागणार आहे तिथे भर दुपारी घेऊन जा, लोक जिथून बघणार तितकी पावलं मागे सर, आणि कुणाला तरी ती ओळ वाचायला सांग. अडखळला तर अक्षर वाढव, आणि केशरी वीट वाटला तर मॅजेंटा पाचानं कमी करून दुसरी पट्टी काढ.